माणसे 2,466, प्रार्थनास्थळे 13: बेने इस्राएलांच्या सिनेगॉगचा जमाखर्च

2011 च्या जनगणनेत देशात 4,650 ज्यू नोंदले गेले. त्यांतले 2,466 महाराष्ट्रात होते, म्हणजे 53 टक्के. राज्याची लोकसंख्या तेव्हा 11 कोटी 24 लाख होती. दर दहा लाखांमागे ज्यू 22. हे प्रमाण बीड जिल्ह्याच्या 25 लाख 85 हजार लोकसंख्येला लावले तर उत्तर 57 येते. परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याला लावले तर एक माणूसही भरत नाही, कारण या हिशेबात एका ज्यू माणसामागे साडेपंचेचाळीस हजारांची वस्ती लागते.

हे झाले कागदावरचे वाटप. प्रत्यक्षात ही वस्ती मुंबई, ठाणे, रायगड आणि पुण्यात आहे. त्यातला मोठा भाग बेने इस्राएलांचा. घरची भाषा मराठी, आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. कोकणात घाण्यावर तेल काढायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. एवढी माणसे आपली प्रार्थनास्थळे कोणत्या पैशावर चालवतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षीशी तुलना येथे करता येत नाही, कारण वर्षागणिक आकडा कोणी काढत नाही. तुलना दशकांचीच करावी लागते. 1951 मध्ये देशात साडेसव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते. 1961 मध्ये साडेअठरा हजार, म्हणजे दहा वर्षांत 30 टक्क्यांची घट. 1971 मध्ये आकडा सहा हजारांच्या आत आला. या एका दशकात तिघांतले दोघे गेले, बहुतेक इस्राएलला. तेथून 2011 पर्यंतच्या चाळीस वर्षांत घट 20 टक्क्यांच्या आसपास आहे. गळती जवळजवळ सगळी वीस वर्षांत झाली आणि ती कमावत्या वयाच्या कुटुंबांची होती. वर्गणी भरणारेही तेच होते.

इमारती मात्र जागेवर राहिल्या. मुंबईत 1796 चे शआर हारहमीम, त्यानंतरचे शआरे रासोन, तिफेरेथ इस्राएल, आग्रीपाड्याचे मागेन हसीदीम. बगदादी ज्यूंची भायखळ्याचे मागेन दाविद आणि फोर्टमधले केनेसेथ एलियाहू. ठाण्यात 1879 चे शआर हाशामाइम. पुण्यात 1867 ला पूर्ण झालेले ओहेल दाविद, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, आणि रास्ता पेठेतले 1921 चे सुक्कथ शेलोमो. रेवदंड्याचे बेथ एल 1842 चे, अलिबागचे मागेन अबोथ 1848 चे, पनवेलचे बेथ एल 1849 चे, पेणचे बेथ हा-एलोहिम 1863 चे. ही यादी पूर्ण नाही; कोकणात आणखी आहेत. पण ही तेराच धरली तरी 2,466 भागिले 13, एका सिनेगॉगमागे 190 माणसे. राज्यातल्या सरासरी कुटुंबाचा आकार 4.6 धरला तर 41 घरे.

सरासरी येथे थोडी फसवी आहे. वस्तीचा भर मुंबईतून ठाण्याकडे सरकला. अलिबाग, रेवदंड्याकडे हातावर मोजण्याइतकी घरे उरली. म्हणजे 41 घरे कोणाच्याच वाट्याला नीट येत नाहीत, काहींना जास्त आणि काहींना पाच-सात. तरीही हिशेबाला आधार म्हणून 41 घेऊ.

धर्माचा किमान आकडा दहाचा आहे. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले तर ‘मिनयान’ होते. नऊ असतील तर तोरा हा धर्मग्रंथ उघडून वाचता येत नाही. 190 माणसांतून दहा म्हणजे 5.3 टक्के उपस्थिती, हे अवघड वाटत नाही. पण 190 मधून स्त्रिया, मुले, अंथरुणाला खिळलेले आणि कामावर असलेले वजा करा, आणि हा हिशेब रोज सकाळ-संध्याकाळचा आहे हे लक्षात घ्या. ताल्मुद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाने मोठ्या गावाची व्याख्याच अशी केली आहे की जेथे कामधंद्यातून मोकळी अशी दहा माणसे असतात ते मोठे गाव. अकराव्या शतकातल्या राशी या भाष्यकाराने त्यावर खुलासा केला की ही दहा माणसे सार्वजनिक पैशावर पोसली जातात. दहावा माणूस खर्चाच्या बाजूला मांडण्याची पद्धत अशी हजार वर्षांची आहे.

आता जमा. सिनेगॉगच्या जुन्या वहीत कारभाऱ्यांची नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील: प्रमुख तो मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुले. खजिना पाहणारा गबई आणि झाडलोटीपासून दिवाबत्तीपर्यंत सगळे पाहणारा शमाश, ही नावे हिब्रू. प्रार्थना चालवतो तो हज्जान. गावगाड्याची रचना उचलून तिच्यात हिब्रू पदे बसवली आहेत.

पहिली जमा वर्गणीची. बायबलच्या निर्गम ग्रंथात वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल द्यावा असे सांगितले आहे. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. सिरसाळ्यात किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात सप्ताहासाठी उंबऱ्यामागे पट्टी बसते, तेच तत्त्व. फरक एवढाच की गावात उंबरे काही हजार असतात. 41 उंबऱ्यांवर महिना 200 रुपये पट्टी धरली तर वर्षाला 98,400 रुपये जमतात. एका शमाशाला महिना 15,000 रुपये दिले तर वर्षाचे 1,80,000 होतात. दोन्ही रकमा गृहीत आहेत, उदाहरणासाठी आहेत, पण निष्पत्ती गृहीत नाही: सगळ्या घरांनी न चुकता पट्टी भरली तरी एका माणसाच्या पगारातले 55 टक्केच निघतात. वीज, पाणी, रंग, कौले, ऑडिटची फी यांच्यासाठी काहीच उरत नाही.

दुसरी जमा बोलीची. तोरा ठेवलेला हेखाल (कपाट) उघडण्याचा, सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) उचलण्याचा, वाचनाला उभे राहण्याचा मान सणाच्या दिवशी लिलावात जातो. सिम्हाथ तोराच्या सणाला ही बोली रंगते. अडचण अशी की शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, आणि सणाच्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही आणि लिहायचेही नाही. त्यामुळे आरतीचे ताट फिरवावे तशी थाळी शनिवारी फिरत नाही. बोली तोंडी होते, कबुली मनात राहते, वसुली नंतर. हिशेबनिसाच्या भाषेत सिनेगॉगचे हे सगळे उत्पन्न आधी ‘येणे’ असते, मग जमा. आपल्याकडे देणगी 11, 51, 101 अशी जाते. पाश्चात्त्य ज्यूंमध्ये ती 18 च्या पटीत जाते, कारण ‘जीवन’ या अर्थाच्या हिब्रू शब्दातल्या अक्षरांची बेरीज 8 अधिक 10 अशी होते.

तिसरी जमा संस्कारांची: लग्न, सुंता, नामकरण, मृत्यूनंतरचे विधी. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा, गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा, हा बेने इस्राएलांचा खास विधी. नवस फेडताना, लग्नाआधी, नवे घर घेतल्यावर तो होतो आणि त्या निमित्ताने हात सैल सुटतो. पण ही जमा लोकसंख्येच्या वयावर अवलंबून आहे. ज्या समाजातून तरुण गेले तेथे लग्ने कमी आणि मयती जास्त. तेवढ्या प्रमाणात या सदरातले उत्पन्नही लग्नाकडून स्मरणविधीकडे सरकते.

या तिन्ही जमा माणसांच्या संख्येशी बांधलेल्या आहेत. खर्च मात्र छपराच्या चौरस फुटांशी बांधलेला आहे. 1951 पासून माणसे 82 टक्क्यांनी घटली म्हणून कोकणातला पाऊस 82 टक्के कौले सोडून पडत नाही. दरडोई पाहिले तर या समाजाकडे आज 1951 पेक्षा कितीतरी जास्त इमारत आहे आणि ती राखायला रोकड कमी आहे.

मग इमारती उभ्या कशावर आहेत? उत्तर बहुतांशी मृतांच्या पैशात आहे. मुंबईचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर या कंपनी सरकारच्या पलटणीतल्या अधिकाऱ्याने 1796 मध्ये बांधले. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याचे ते ऋण होते असे सांगतात. बेने इस्राएल सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत आणि मशीद बंदर स्थानकाच्या नावाचे मूळ याच जुन्या मशिदीत असल्याचेही सांगितले जाते. डेव्हिड ससून 1832 मध्ये मुंबईत आले. अफू आणि कापसाच्या व्यापारातून जमलेल्या पैशातून भायखळ्याचे मागेन दाविद आणि पुण्याचे ओहेल दाविद उभे राहिले. 1864 ला ते वारले, पुण्याचे काम त्यानंतर तीन वर्षांनी संपले. नातू जेकब ससून यांनी 1884 मध्ये फोर्टमधले केनेसेथ एलियाहू बांधले. बगदादी ज्यूंची मुंबईतली वस्ती आता जवळपास संपली आहे, पण ससून घराण्याच्या नावाचे न्यास चालू आहेत. देणाऱ्या समाजापेक्षा देणगी दीर्घायुषी ठरली.

ठेवीच्या पैशाचे गणित कोरडे आहे. वर ज्या शमाशाचा पगार 1,80,000 धरला, तो 7 टक्के व्याजातून द्यायचा तर 25 लाख 71 हजारांची ठेव लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 हा कायदा सिनेगॉगला मंदिर, मठ, वक्फ, चर्च आणि अग्यारी यांच्याच ओळीत बसवतो. न्यासाची शिल्लक बँक, टपाल खाते, सरकारी रोखे अशा ठरलेल्या जागीच ठेवावी लागते. आयकर कायद्याची अट अशी की उत्पन्नातले 85 टक्के उद्दिष्टावर खर्च झाले पाहिजेत. 15 टक्के बाजूला टाकता येतात, त्याहून जास्त राखायचे तर काम नेमके सांगून पाच वर्षांपर्यंतची मुभा मागावी लागते. 1,80,000 चे 15 टक्के म्हणजे 27,000, मूळ ठेवीच्या जेमतेम 1 टक्का. महागाई 5 टक्के धरली तर ठेवीची खरी किंमत दरसाल 4 टक्क्यांनी झिजते. काहीच बाजूला टाकले नाही तर पंधरा वर्षांनी तिची खरेदीशक्ती 48 टक्के उरते. विश्वस्त प्रामाणिक असले तरी हा आकडा बदलत नाही.

ठेवीऐवजी भाड्याची मालमत्ता असेल तर? मुंबईत न्यासांकडे जुन्या भाडेकरूंच्या इमारती असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाडे वर्षाला 4 टक्के वाढवता येते. कायदा लागू झाला मार्च 2000 अखेर. तेव्हाचे 100 रुपये पंचवीस वर्षांत चक्रवाढीने 267 होतात. दुरुस्तीचा आणि पगाराचा खर्च वर्षाला 8 टक्क्यांनी वाढला असे धरले तर तेच 100 रुपये 685 होतात. सुरुवातीला भाड्यातून पूर्ण खर्च भागत असेल, तर आज 39 टक्के भागतो. मालमत्ता विकून ठेव करावी म्हटले तर कलम 36 आडवे येते: विक्री, अदलाबदल किंवा बिगरशेती मालमत्तेचा तीन वर्षांवरचा भाडेपट्टा यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ही अट असावीच असे माझे मत आहे. मुंबईतल्या जागेचा भाव पाहता ती नसती तर वरच्या यादीत तेरा नावे उरली असती का, याची शंका आहे. पण अटीची किंमत न्यास रोज मोजतो, हेही खरे.

बाहेरच्या पैशाकडे वळले की विसंगती दिसू लागतात. पहिली करसवलतीची. देणगीवरची आयकर-वजावट एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायापुरत्या न्यासाला मिळत नाही आणि धार्मिक कामावरचा खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपुढे गेला तर सवलत जाते. सिनेगॉगचा तर जवळपास सगळाच खर्च धार्मिक. ऐतिहासिक किंवा विख्यात म्हणून केंद्राने अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला दिलेल्या देणगीवर 50 टक्के वजावट आहे. म्हणजे भिंत दुरुस्त करायला दिलेल्या रुपयावर सवलत मिळू शकते, त्या भिंतीआड प्रार्थना म्हणणाऱ्याच्या पगाराला दिलेल्यावर नाही. नवी करप्रणाली घेतलेल्या दात्याला तर दोन्हींवर नाही.

कंपन्यांना सामाजिक दायित्वासाठी नफ्यातून काढाव्या लागणाऱ्या 2 टक्क्यांचेही तसेच. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंचे जतन आहे, उपासना नाही. केनेसेथ एलियाहूचे जतनकाम 2019 मध्ये पूर्ण झाले ते जेएसडब्ल्यू फाउंडेशनच्या मदतीने, काळा घोडा असोसिएशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांच्या सहभागाने. वास्तुविशारद आभा नारायण लांबा. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. भायखळ्याच्या किंवा फोर्टच्या वास्तूला असे दाते भेटतात, कारण ती शहराच्या नजरेसमोर आहे. रेवदंड्याची कौले पर्यटकांच्या छायाचित्रांत क्वचितच येतात. कोचीतल्या 1568 च्या ‘परदेशी’ नावाच्या सिनेगॉगने प्रवेशाला तिकीट लावले आणि चेंदमंगलमचे सिनेगॉग केरळ सरकारने दुरुस्त करून संग्रहालय केले. त्या वाटेने खर्च निघतो, पण शेवटी कारकून उरतो आणि हज्जान जातो.

दुसरी विसंगती सगळ्यांत मोठी. तरुण पिढी गेली ती इस्राएलला; लोद, अश्दोद, दिमोना येथे बेने इस्राएलांच्या वसाहती झाल्या. इस्राएलच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) त्यांच्या ज्यूपणावर आणि लग्नसंबंधांवर घेतलेली शंका 1964 मध्ये मिटली आणि त्यानंतर जाणे वाढले. आज तेथील वंशजांची संख्या महाराष्ट्रातल्या 2,466 च्या अनेक पट आहे. पेणच्या किंवा अलिबागच्या प्रार्थनास्थळाशी त्यांची नाळ आहे. सुट्टीत येतात, मलिदा करतात. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. इस्राएलचा नागरिक झालेला माणूस परकीय देणगी नियमन कायदा, 2010 च्या दृष्टीने ‘परकीय स्रोत’ आहे, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी. त्याचा एक रुपया घ्यायलाही न्यासाला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीची अट: संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य उद्दिष्टांवर किमान 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. वर्षाला 1,80,000 च्या पगारावर चालणाऱ्या सिनेगॉगचा तीन वर्षांचा खर्च 5 लाख 40 हजार भरतो, अटीच्या 36 टक्के. नोंदणी झालीच तर 2020 च्या दुरुस्तीनंतर पहिले खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडावे लागते आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आहे.

याच कायद्याखाली, इस्राएलचा नागरिक असलेला भाऊ मुंबईतल्या सख्ख्या भावाला वर्षाला 10 लाखांपर्यंत पाठवू शकतो आणि सरकारला कळवावेही लागत नाही. जो भारतीय पासपोर्ट राखून दुबईत नोकरी करतो त्याची बँकेतून आलेली देणगी परकीय नाही. इस्राएलचा नागरिक आणि भारतीय पासपोर्टवाला, हे दोन्ही देणगीदार एकाच घराण्यातले असू शकतात.

परदेशी संस्थांचा पैसा येतो तो दुसऱ्या कामाला. अमेरिकेची जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी 1964 पासून मुंबईत आहे; तिचा भर वृद्ध, गरजू आणि मुलांवर आहे, कौलांवर नाही. राज्य सरकारने जून 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. पश्चिम बंगालनंतर असा निर्णय घेणारे महाराष्ट्र दुसरे राज्य. त्यातून शिष्यवृत्त्या आणि शिक्षणसंस्थांचे हक्क मिळतात, प्रार्थनास्थळाच्या खर्चाला रुपया मिळत नाही. शिक्षणसंस्थांची गोष्टही पाहा: हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये काढलेली इस्राएली शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. तेथे आज बहुतांश विद्यार्थी मुस्लिम आहेत.

जगात इतरत्र हा भार वेगळ्या खांद्यांवर आहे. जर्मनीत धर्मकर आहे: आयकराच्या 8 टक्के बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, इतरत्र 9. अनेक प्रांतांत ज्यू मंडळ्याही आपला कर सरकारी यंत्रणेमार्फत घेतात, आणि त्यांच्या मध्यवर्ती परिषदेला केंद्राचे अनुदान 2003 मध्ये 30 लाख युरो होते ते 2018 मध्ये 1 कोटी 30 लाख झाले. आपल्या 41 घरांकडून 9 टक्क्यांनी शमाशाचा पगार काढायचा तर त्या घरांनी मिळून 20 लाख रुपये आयकर भरला पाहिजे. इस्राएलमध्ये धार्मिक परिषदांचा खर्च सरकार 40 टक्के आणि नगरपालिका 60 टक्के उचलते. अमेरिकेत सरकारचा संबंध नाही. वार्षिक सभासद वर्गणीवर सिनेगॉग चालते. पण प्यू संस्थेच्या 2020 च्या पाहणीत 35 टक्केच ज्यू प्रौढांच्या घरात कोणीतरी सिनेगॉगचा सभासद होता. ठरावीक वर्गणी सोडून ‘झेपेल तेवढे द्या’ या पद्धतीवर गेलेली सिनेगॉग न्यूयॉर्कच्या ज्यू फेडरेशनने 2015 मध्ये मोजली तेव्हा 26 होती. दोन वर्षांत दुपटीहून जास्त झाली. तेथे 75 लाखांत 35 टक्क्यांची चिंता आहे. येथे सगळे शंभर टक्के सभासद झाले तरी आकडा 2,466 च्या पुढे जात नाही.

परकीय देणगीच्या 15 लाखांच्या अटीत लहान आणि जुन्या न्यासांसाठी वेगळा टप्पा ठेवला, तर या वहीतली तूट बरीच भरून निघेल. अर्जदाराचे खाते दरवर्षी तपासले जातेच. तो बदल संसदेचा नाही, नियमांचा आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. 2,466 हा आकडा त्या दिवशी बदलेल. 13 हा आकडा बदलायचा तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागेल.